खुराड्यातली गादी आणि आपली छाती



आज या सदराचा विषय जरा वेगळा आहे. मागल्या अंगणात कोंबड्या पाळणाऱ्यांनी खुराड्यात खाली काय अंथरावे? कोणी म्हणेल, हा प्रश्न शेतीच्या पुस्तकातला. आरोग्याच्या सदरात कशाला? पण मोशावमध्ये किंवा अंगण असलेल्या घरात राहणारी आपली काही वडीलधारी मंडळी हौसेने चार-सहा कोंबड्या बाळगतात. नातवंडांना ताजी अंडी मिळतात, सकाळी उठून बाहेर पडायला निमित्त मिळते, आणि कोकणातल्या घराची आठवणही ताजी राहते. हे सारे चांगलेच आहे. मात्र खुराड्यात आपण जे अंथरतो त्याची धूळ, बुरशी आणि वाफ आपल्याच नाकातोंडातून छातीत जाते. सत्तरी ओलांडलेल्या छातीला ती झेपेलच असे नाही. म्हणून हा विषय कोंबड्यांचा जितका, तितकाच आपलाही आहे.

दर शुक्रवारचा ताप

माझ्या ओळखीचे एक आजोबा आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. शब्बाथ येण्याआधी घर झाडायचे तसे खुराडेही झाडायचे, हा त्यांचा नेम. शुक्रवारी सकाळी जुना पेंढा खराट्याने ओढून काढायचा, नवा पसरायचा, मग आंघोळ करून बसायचे. पेंढ्याच्या गठ्ठ्या भिंतीला टेकून उघड्यावरच असत. हिवाळ्याच्या पावसात त्या भिजल्या आणि आतून काळ्या पडल्या.

त्या हिवाळ्यात आजोबांना शुक्रवारी संध्याकाळी किद्दुशच्या वेळेला थंडी वाजून ताप येऊ लागला. अंग मोडून येई, कोरडा खोकला येई, दम लागे. शनिवारी जरा बरे वाटे, रविवारी चालते-फिरते. डॉक्टरांनी फ्लू समजून औषध दिले, पुढे एकदा अँटिबायोटिकही दिले. ताप आपोआप उतरे आणि औषधाचा गुण आला असे सर्वांना वाटे. चार-पाच महिने असेच गेले. शेवटी जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, "घरी पक्षी आहेत का?" तोपर्यंत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि आजोबांनीही आपण होऊन सांगितले नव्हते. कोंबड्यांचा आणि खोकल्याचा काही संबंध असेल, हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

या दुखण्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. बुरशी आलेल्या पेंढ्याच्या धुळीने होते त्याला डॉक्टर लोक "फार्मर्स लंग" म्हणतात. पक्ष्यांच्या पिसांच्या व शिटेच्या धुळीने होते त्याला "बर्ड फॅन्सियर्स लंग". हा जंतुसंसर्ग नव्हे. ही फुप्फुसांची ॲलर्जी आहे, त्यामुळे अँटिबायोटिकचा तिच्यावर उपयोग नसतो. त्रास धुळीत काम करतानाच होत नाही; चार ते आठ तासांनी सुरू होतो. म्हणूनच सकाळचे काम आणि रात्रीचा ताप यांची सांगड आपल्याला घालता येत नाही. धूळ पुन्हापुन्हा छातीत जात राहिली तर फुप्फुसांत व्रण पडतात आणि ते भरून येत नाहीत.

आजोबांना खुराड्यात पाऊल टाकणे कायमचे बंद करावे लागले. आता सून कोंबड्यांचे करते आणि आजोबा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून पाहत बसतात. असे सगळ्यांनाच होते असे नाही; थोड्यांनाच होते. पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

गादी कशासाठी?

आपल्या लहानपणी अलिबाग, पेण, रेवदंड्याकडच्या गावांत कोंबड्यांसाठी कोणी विकतची गादी आणत नसे. दिवसभर कोंबड्या परसात मोकळ्या असत, रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली. भाताचे तूस आणि चुलीतली राख घरचीच असे. इथे भातशेती नाही, चूल नाही आणि कोंबड्या बहुधा कुंपणाच्या आतच असतात. त्यामुळे शीट एकाच जागी साचते आणि खाली काय घातले आहे याला महत्त्व येते.

ऋतूही उलटा आहे. तिकडे पाऊस जून ते सप्टेंबर, उकाड्यात. इथे पाऊस हिवाळ्यात, थंडीत; तेव्हा ओल सुकत नाही. उन्हाळ्यात मात्र महिनोन् महिने थेंब पडत नाही आणि शरावचा वारा सुटला की सगळ्याची धूळ होते. म्हणून इथे गादीचे दोन शत्रू: हिवाळ्यात ओल, उन्हाळ्यात धूळ.

कोंबडी वेगळी लघवी करीत नाही. शिटेतला पांढरा भाग म्हणजेच तिचे मूत्र. त्यात यूरिक आम्ल असते. गादी ओली झाली की त्यातले सूक्ष्म जंतू या आम्लाचा अमोनिया करतात. गादी कोरडी असेल तर हे काम मंदावते. चांगली गादी ओल शोषून घेते, शीट वेगळी करून वाळू देते आणि कोंबडीच्या पायाला मऊ राहते. ओल्या गादीवर उभे राहून कोंबडीच्या तळपायाला फोड येतात आणि अमोनियाने तिचे डोळे चुरचुरतात. मुक्या प्राण्याला विनाकारण क्लेश देऊ नये आणि आपण जेवण्याआधी जनावराला खाऊ घालावे, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. कोरडी जागा देणे हेही त्यातच येते.

नाकावर भरवसा ठेवू नका

"वास आला की साफ करू," असे बरेच जण म्हणतात. तरुणपणी हे चालते. वय वाढते तशी नजर आणि कान मंदावतात तसेच नाकही मंदावते. फक्त ते आपल्या लक्षात येत नाही. शिवाय रोजच्या वासाला नाक सरावते. त्यामुळे खुराड्यात अमोनिया दाटलेला असतो आणि आपण म्हणतो, "छे, काही वास नाही."

म्हणून नाकाऐवजी हात वापरा. हातमोजा घालून गादीची एक मूठ घ्या, घट्ट दाबा आणि हात उघडा.

मुठीचा लाडू तसाच राहिला, तर गादी फार ओली आहे. बदला.

लाडू हळूहळू सुटून पडला, तर गादी ठीक आहे.

काहीच न चिकटता धूळ उडाली, तर गादी फार कोरडी आहे. तिच्यात हात घालण्याआधी पाण्याचा हलका फवारा द्या.

दुसरी खूण डोळ्यांची. खुराड्यात वाकल्यावर डोळ्यांतून पाणी आले किंवा घसा खवखवला, तर हवा बिघडली आहे. तिसरा उपाय सर्वांत सोपा. घरातल्या एखाद्या तरुण माणसाला आठवड्यातून एकदा दाराशी उभे करा आणि विचारा, "वास येतो का रे?"

काय अंथरावे, काय टाळावे

लाकडाची सालपटे. सुतार रंधा मारतो तेव्हा निघतात ती पातळ, वळलेली सालपटे आपल्या वयाच्या माणसाला सर्वांत सोयीची. ओल चांगली शोषतात, वजनाला हलकी असतात आणि धूळ कमी करतात. पाइनची सालपटे चालतात. सिडारची घेऊ नका. त्याच्या उग्र वासाचा छातीला त्रास होऊ शकतो आणि काही जातींच्या सिडारच्या धुळीने सुतारांना दमा झाल्याचे डॉक्टरांना माहीत आहे. इथल्या नगारियातून फुकट मिळतात म्हणून पोती भरून आणण्याआधी एक प्रश्न विचारा: लाकूड साधे आहे की प्लायवुड, एमडीएफ, रंगवलेले किंवा औषध मारलेले? यांपैकी काही असेल तर नको. त्यातला डिंक आणि रसायने कोंबडीच्याही पोटात जातात आणि आपल्याही छातीत.

करवतीचा भुसा. दिसायला सालपटांचा भाऊ, पण स्वभाव वेगळा. तो पिठासारखा बारीक असतो, लगेच उडतो, आणि पिल्ले दाणा समजून खातात. दमा किंवा जुना खोकला असलेल्यांनी हा घरात आणू नये.

पेंढा. गव्हाचा पेंढा या देशात सहज मिळतो. पण त्याची काडी वरून गुळगुळीत असते, ओल फारशी शोषत नाही. वरचा थर कोरडा दिसतो आणि खाली चिखल असतो. हिवाळ्यात त्याला बुरशी लवकर धरते. पोकळ काड्यांत आणि खुराड्याच्या फटींत तांबड्या गोचिडी लपतात. या दिवसा दिसत नाहीत, रात्री कोंबडीचे रक्त पितात आणि माणसालाही चावतात. हातावर, मानेवर खाज सुटून कारण सापडत नसेल तर रात्री बॅटरी घेऊन कोंबड्यांची बसायची काठी खालून पाहा. पेंढा वापरायचाच असेल तर तो सोनेरी, कोरडा, छपराखाली ठेवलेला असावा. काळे डाग, पांढरी पावडर किंवा कुबट वास असेल तर ती गठ्ठी उघडूसुद्धा नका. पैसे गेले तर जाऊ द्या.

वाळू. कोरडी वाळू स्वच्छ राहते. मांजराच्या पेटीसारखी शीट चाळून काढता येते. अडचण वजनाची. दोन चौरस मीटरच्या खुराड्यात दहा सेंटिमीटर थर घालायचा तर २०० लिटर गादी लागते, म्हणजे दहा लिटरच्या वीस बादल्या. वाळूची एक बादली सुमारे १५ किलोची. एकूण ३०० किलो. सालपटांची तीच बादली जेमतेम एक-दीड किलोची. कंबर, गुडघे आणि हर्निया यांचा विचार करून ठरवा. बांधकामाची बारीक, धुळकट वाळू छातीला वाईट. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणू नका. ती खारट असते.

वर्तमानपत्र. एकटे अंथरले तर लगेच भिजते, निसरडे होते आणि पिल्लांचे पाय फाकतात. बसायच्या काठीखालच्या ट्रेमध्ये मात्र उपयोगी. वाचून झालेल्या अंकांचाही असा उपयोग होऊ शकतो. आमची हरकत नाही.

थोडक्यात, जाडसर, कोरडे आणि हलके ते घ्या. बारीक, कुबट आणि जड ते टाळा. स्वस्त किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

किती घालावे, केव्हा बदलावे

सालपटांचा थर दहा ते पंधरा सेंटिमीटर ठेवा. कोंबड्या रात्री काठीवर बसतात तेव्हा बरीच शीट काठीखाली पडते. तिथे एक फळी किंवा ट्रे ठेवला आणि तो रोज सकाळी रिकामा केला, तर खालची गादी कितीतरी जास्त दिवस टिकते. पाण्याच्या भांड्याभोवतीची जागा सर्वांत आधी भिजते. भांडे विटेवर उचलून ठेवा आणि तेवढाच ओला भाग काढून टाका.

सगळी गादी किती दिवसांनी बदलायची, याला ठरावीक तारीख नाही. मुठीची परीक्षा सांगेल तेव्हा बदला. पावसाळा लागण्याआधी एकदा संपूर्ण बदलणे आणि छप्पर गळत नाही ना हे पाहून घेणे बरे.

साफसफाई करताना

खराटा, केरसुणी आणि पाने उडवायचे यंत्र खुराड्यात नको. आधी हलका फवारा, मग लांब दांड्याचे फावडे. दार-खिडक्या उघडा आणि वारा आपल्या पाठीकडून येईल असे उभे राहा. कोंबड्यांना आधी बाहेर सोडा. त्यांच्या फडफडण्यानेच निम्मी धूळ उडते.

नाकाला पदर किंवा रुमाल लावून भागत नाही. बारीक धूळ त्यातून सहज आत जाते. एफएफपी२ किंवा एन९५ मास्क घाला, तो गालाला घट्ट बसू द्या. मास्क लावून दम लागत असेल तर मास्क काढू नका, काम सोडा. ज्यांना दमा, सीओपीडी, हृदयाचा अशक्तपणा आहे, जे घरी ऑक्सिजन घेतात किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेतात, त्यांनी हे काम मुलाला, सुनेला किंवा नातवाला सांगावे. मुलांकडे मदत मागण्यात कमीपणा नाही.

बंद बूट आणि हातमोजे घाला. मधुमेह असेल तर सपाता घालून खुराड्यात जाऊच नका. तळपायाला खिळा किंवा तार लागल्याचे कळतही नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ओरखड्याकडेही लक्ष द्या. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हे कुपात होलीममध्ये विचारून ठेवा.

आणि हे काम शुक्रवारी नको. शुक्रवारी घाई असते, घाईत पाय घसरतो. दुसरे असे की सकाळच्या धुळीचा त्रास रात्री झाला तर नेहमीचा दवाखाना रविवारपर्यंत बंद असतो. रविवार-सोमवारची सकाळ बरी.

चुना आणि एकोनॉमिका

दोन गोष्टी कृपा करून लक्षात ठेवा.

खुराड्यात चुना भुरभुरण्याची जुनी सवय आहे. बांधकामाचा कळीचा चुना डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो. शिवाय ओल्या शिटेवर चुना पडला की आधी अमोनिया कमी न होता जास्तच सुटतो.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. आपण फरशी धुवायला वापरतो ती एकोनॉमिका शिटेवर किंवा ओल्या गादीवर कधीही ओतू नका. तिच्यातले क्लोरीन आणि शिटेतला अमोनिया मिळून क्लोरामाइन नावाचा विषारी वायू होतो. बंद खुराड्यात वाकलेल्या माणसाला तो काही क्षणांत गुदमरवतो. आधी सगळी गादी बाहेर काढा, साबणाच्या पाण्याने फळ्या घासा आणि उन्हात वाळू द्या. इथल्या उन्हासारखे औषध नाही. चुकून वायू नाकात गेलाच तर ताबडतोब मोकळ्या हवेत या आणि दम लागत असेल तर १०१ वर मागेन डेव्हिड अडोमला फोन करा.

अंडी, हात आणि नातवंडे

अंडी घालायच्या पेटीतली गादी सर्वांत स्वच्छ हवी. कोंबडीच्या शिटेत साल्मोनेला हा जंतू असू शकतो, कोंबडी ठणठणीत दिसत असली तरी. पासष्टीपुढची माणसे आणि पाच वर्षांखालची मुले यांना त्याचा त्रास जास्त होतो. जुलाबांनी अंगातले पाणी जाते आणि इस्पितळात न्यावे लागते. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. थोडे मळलेले अंडे कोरड्या कापडाने पुसा, शिटेने माखलेले टाकून द्या. थंड पाण्यात धुऊ नका. कवचाच्या बारीक छिद्रांतून घाण आत ओढली जाते. अंडे बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. रक्ताचा ठिपका पाहण्यासाठी आपण अंडे आधी पेल्यात फोडतोच. तो पेला आणि हात दोन्ही साबणाने धुवा. नातवंडांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका.

शब्बाथला घातलेले अंडे शब्बाथ संपेपर्यंत वापरायचे नाही हे आपणांस ठाऊक आहेच. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी पेटीतली गादी जाड आणि कोरडी आहे ना, एवढे पाहा. अंडे तिथे सुरक्षित राहील. पेसाहच्या आधी कोंबड्यांच्या गहू-बार्लीच्या दाण्याबरोबर पेंढ्यात अडकलेल्या दाण्यांचाही विचार करावा लागतो. त्याबद्दल आपल्या रब्बींना विचारा.

न वापरलेली गादी नेहमी झाकून ठेवा, म्हणजे रानपक्षी तिच्यावर शीट टाकणार नाहीत. २०२१ च्या डिसेंबरात बर्ड फ्लूने हुला खोऱ्यात हजारो क्रौंच पक्षी मेले आणि उत्तरेकडील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, हे आपल्याला आठवत असेल. आपल्या कोंबड्या एकाएकी मेल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

काढलेली गादी लगेच भाजीच्या वाफ्यात घालू नका. ढीग करून किमान चार महिने कुजू द्या. कोथिंबीर, पुदिना कच्चा खाल्ला जातो, तिथे तर घाई मुळीच नको.

डॉक्टरांना काय सांगाल?

खोकला, ताप किंवा दम यासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा, त्यांनी विचारले नाही तरी, एक वाक्य सांगा: "मी घरी कोंबड्या पाळतो आणि खुराडे मीच साफ करतो." हिब्रू अडत असेल तर मुलाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती कुपातच्या कार्डाबरोबर ठेवा. त्रास झाल्याची तारीख आणि खुराडे साफ केल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. दोन्ही तारखा दोन-तीनदा जुळल्या, तर डॉक्टरांना ते कॅलेंडरच दाखवा.

आमचे आजोबा आजही म्हणतात, "मी पेंढ्याच्या गठ्ठीचे पैसे वाचवले आणि छाती घालवली." सुनेने आता सालपटे आणली आहेत, छपराखाली झाकून ठेवली आहेत, आणि मास्क लावल्याशिवाय ती आत जात नाही. सकाळी अंडी आणून ती आधी त्यांच्या हातात देते. ते मोजतात, कॅलेंडरवर आकडा लिहितात आणि मग हात धुऊन चहा घेतात.

आपल्या सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.